पॉलिसी कोणाच्या नावाने ते सोडा, हप्ता कुठून आणला ते बघू

नारायणगावकडच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय ३१, तमाशाच्या ढोलकी फडात १५ वर्षं नाचतायत, मुलगी ७ वर्षांची. दसऱ्यापासून सात महिने काम, महिना २५ हजार. एजंट असलेल्या दिराने पॉलिसी दिलीय, वर्षाला ४८ हजार, १५ वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी १२ लाख. प्रश्न एवढाच की पॉलिसी स्वतःच्या नावाने ठेवू की मुलीच्या?

ताई, नाव कुणाचंही टाका, ७ लाख २० हजार भरून वीस वर्षांनी १२ लाख म्हणजे जेमतेम ४ टक्के. पण मला खरा धक्का पत्राच्या शेवटच्या ओळीने बसला, 'पहिला हप्ता सावकाराकडून शेकडा ५ ने घेतला'. शेकडा ५ म्हणजे महिन्याला हो! महिन्याला २४०० व्याज. पॉलिसी अख्ख्या वर्षात त्या ४८ हजारांवर १९०० कमावणार. परवानाधारक सावकारालाही तुमच्या-आमच्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हा तर ६० घेतोय.

पॉलिसीचा बॉण्ड गेल्या आठवड्यात आलाय ना, मग ३० दिवसांच्या आत लेखी अर्ज देऊन परत करा, स्टॅम्प वगैरेचे थोडे कापून पैसे मिळतात. ते आले की थेट सावकाराला द्या, मधे घरी थांबवू नका.

आता उचल, म्हणजे फडमालकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. दीड लाख घेतलीत, सीझनची कमाई पावणेदोन लाख, म्हणजे हातात २५ हजार, मग पुढचा हप्ता पण सावकारच भरणार होता का? मालक व्याज घेत नाहीत म्हणता, पण दुसरा फड ३० हजार देत असताना उचलीमुळे जाता आलं नाही हेही तुम्हीच लिहिलंय. महिन्याला ५ हजारांप्रमाणे सात महिन्यांचे ३५ हजार गेले, दीड लाखावर २३ टक्के झाले की. हेच मालकांचं व्याज, फक्त वहीत लिहिलेलं नाही. त्यामुळे दरवर्षी उचल ३०-४० हजारांनी कमी करत न्या, पावसाळ्यात कमी पडलं तर आधी बचत गटाचं दार वाजवा, आणि चैत्रात जत्रांच्या दिवसात जी बक्षिसी मिळते ती वेगळ्या खात्यात, तिला हात लावायचा नाही.

विमा मात्र हवाच, रात्री खेळ, पहाटे गाडीत, पुढचं गाव, असं आयुष्य आहे. बँकेत वर्षाला ४३६ रुपयेवाला (जीवन ज्योती) आणि २० रुपयेवाला (सुरक्षा विमा), दोन्ही सरकारी विमे घ्या, २-२ लाखांचे, वारस मुलगी. नुसत्या मुरगळलेल्या पायाला ते उपयोगाचे नाहीत, त्याला ते वेगळं खातं. मुलीचा विमा कशाला, ती कमावते का? तिचं सुकन्या खातं पोस्टात २५० रुपयांनी उघडतं, वय १० व्हायच्या आत.

'पुढे कलावंत मानधन आहेच' असंही लिहिलंय, म्हणजे सरकारचं. महिना ५ हजार, तेही पन्नाशीनंतर, उत्पन्नाची अट बघून, आणि मधली १९ वर्षं? तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला होता, तरी २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणग्यांतून भरावं लागलं.

दीर रुसतील, त्यांचं कमिशन जाणार ना. अर्ज त्यांच्या हाती देऊ नका, स्वतः कंपनीच्या ऑफिसात जा, पोच घ्या, तारखेचा शिक्का बघून घ्या.