जुन्या संगणकांचा क्लस्टर उभारण्यापूर्वी
नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ साली थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ साधे प्रोसेसर इथरनेटने जोडून ‘बेओवुल्फ’ हा क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा संगणकांचा गट, उभा केला. आपणही त्याच वाटेने जाणार असाल, तर शक्यतो एकसारखे संगणक घ्यावेत, कारण काम समान वाटले की सर्वांत मंद यंत्रासाठी बाकीची खोळंबून राहतात. (मी पहिल्या वेळी हौसेने मिळेल ते जमवले होते.)

प्रथम दोनच यंत्रे जोडावीत. दोन्हींवर एकाच आवृत्तीचे लिनक्स, डिजिटल किल्ली वापरून पासवर्डाविना चालणारे एसएसएच (एका यंत्रावरून दुसऱ्यात सुरक्षित लॉगिन करण्याची सोय) आणि एनएफएसवरचे (नेटवर्कवरून फायली वाटून वापरण्याची पद्धत) सामायिक फोल्डर नीट बसले, की एमपीआयचा (यंत्रांनी एकमेकांना संदेश पाठवून काम करण्याची प्रमाणित पद्धत) एखादा छोटा प्रोग्रॅम चालवून पाहावा. तिसरे यंत्र त्यानंतरच विकत घ्यावे. यंत्रांना नेटवर्कने जोडणारा स्विच मात्र गिगाबिटचाच असावा. नेहमीचा प्रोग्रॅम क्लस्टरवर आपोआप वाटला जात नाही, आणि ज्या कामाचा दहावा हिस्सा समांतर करता येत नाही, त्याचा वेग कितीही यंत्रे जोडली तरी दहापटीपलीकडे जात नाही.

विजेचा हिशेबही आधीच करावा: ७५ वॉटची चार यंत्रे २४ तास चालली, तर ७.२ युनिट वीज खर्च होते. मदरबोर्डवरील कपॅसिटर (छोट्या नळकांड्यांसारखे भाग) फुगलेले दिसले, तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.