निरसे दूध आणि बर्ड फ्लू

प्रश्न : मी मूळची सांगली जिल्ह्यातली असून सध्या सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात मुलाकडे आले आहे. मुलगा येथल्या दुकानातून बाटलीबंद निरसे दूध आणतो आणि न तापवता पाच वर्षांच्या नातवाला देतो. मी पातेले गॅसवर ठेवले की म्हणतो, ‘‘आई, आजोबा गोठ्यात धारोष्ण दूध प्यायचे, हे तूच सांगायचीस ना?’’ इकडच्या गाईंना बर्ड फ्लू झाल्याचेही ऐकते. पक्ष्यांचा आजार दुधात येतो कसा आणि मी मुलाला काय सांगावे?

उत्तर : पक्ष्यांच्या आजाराचा दुधाशी संबंध असेल, असे २०२४ च्या आरंभापर्यंत आम्हा पशुवैद्यकांच्याही ध्यानीमनी नव्हते. त्या सुमारास टेक्सासमधील काही गोठ्यांत गाई वैरण खाईनाशा झाल्या, दूध एकाएकी आटले आणि काही गाईंच्या सडांतून, नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकासारखे, घट्ट व पिवळसर दूध येऊ लागले. उलगडा व्हायला मांजरांची मदत झाली. तेथील एका गोठ्यावर आजारी गाईंचे निरसे दूध पाजलेल्या सुमारे दोन डझन मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मेली. काही आंधळी झाली होती, काही एकाच जागी गोलगोल फिरत होती. २५ मार्च २०२४ रोजी टेक्सास आणि कॅन्ससमधील गाईंत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले.

हा विषाणू पक्ष्यांच्या पेशींवरील ज्या ग्राहींना (पेशीच्या पृष्ठभागावरील विषाणूला धरून ठेवणाऱ्या रेणूंना) चिकटतो, तसे ग्राही गाईच्या कासेतही विपुल असतात, त्यामुळे तो श्वासनलिकेपेक्षा कासेत अधिक जोमाने वाढतो आणि प्रत्येक धारेबरोबर दुधात उतरतो. एका गाईचे दूध काढलेले यंत्र दुसरीच्या सडांना लावले की रोगही तिच्याकडे जातो. मुलाला एक गोष्ट अवश्य सांगावी : लागण झालेली प्रत्येक गाय आजारी दिसतेच असे नाही आणि शेकडो गाईंचे दूध एकाच टाकीत मिसळले की रंगावरून किंवा वासावरून काहीही ओळखता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो काउंटीतल्या एका डेअरीच्या, किरकोळ दुकानात विक्रीस ठेवलेल्या निरशा दुधात हा विषाणू सापडला आणि माल परत मागवावा लागला. बाटली शीतकपाटात ठेवल्यानेही काही साधत नाही, कारण ४ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या लागण झालेल्या गाईंच्या दुधात विषाणू पाच आठवडे टिकल्याचे आणि तसे दूध पाजलेले उंदीर आजारी पडल्याचे प्रयोगात दिसले आहे.

मात्र भीती घालताना खोटे बोलू नये. २०२५ च्या आरंभापर्यंत अमेरिकेत सुमारे ७० माणसांना या विषाणूची बाधा झाल्याची नोंद होती. त्यांतील बहुतेक जण गोठ्यांत किंवा कोंबड्यांच्या फार्मवर काम करणारे होते, पुष्कळांचे केवळ डोळे लाल झाले आणि एकजण दगावला. निरसे दूध प्यायल्यानेच लागण झाली, असे त्यांपैकी कोणाच्याही बाबतीत सिद्ध झालेले नव्हते. पण म्हणून नातवाच्या पेल्यावर त्याची परीक्षा पाहण्याचे कारण नाही. शिवाय निरशा दुधाचे जुने धोके बर्ड फ्लूच्या कितीतरी आधीचे आहेत : साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया हे जिवाणू, ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा ताप आणि गाईंचा क्षय. २०२३-२४ मध्ये कॅलिफोर्निया व इतर काही राज्यांत निरशा दुधातून पसरलेल्या साल्मोनेलाने १७१ जण आजारी पडले आणि त्यांत बहुतांश मुले होती.

आता आजोबांविषयी. ते धारोष्ण दूध पीत असतील, याबद्दल मला शंका नाही; पण ते स्वतःच्या गोठ्यातल्या, नावाने हाक मारता येईल अशा गाईचे होते, आणि उरलेली चरवी घरात आली की तुमच्या सासूबाईंनी ती चुलीवरच ठेवली असणार. साय, लोणी, तूप, विरजण हा आपल्या स्वयंपाकघरातला सारा पसारा तापवलेल्या दुधावर उभा आहे. ‘दूध तापवलं का?’ हा प्रश्न ज्या घरात दिवसातून दोनदा विचारला जात होता, त्या घराची परंपरा म्हणून निरसे दूध पुढे करणे म्हणजे आजोबांचा पेला लक्षात ठेवून आजीचे पातेले विसरणे होय. आपण पातेले बिनधास्त ठेवावे.

प्रश्न : तापवल्याने दुधातील सत्त्व जाते, निरसे दूध पचायला हलके असते आणि त्यातील विषाणूमुळे उलट प्रतिकारशक्ती वाढते, असे आमच्या योगवर्गात सांगितले जाते. यात तथ्य किती?

उत्तर : फारच थोडे. काही जीवनसत्त्वे किंचित घटतात, परंतु दूध ज्यासाठी प्यायचे ती प्रथिने आणि कॅल्शियम जागच्या जागी राहतात. दूध न पचणाऱ्या १६ जणांवर स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रयोग झाला, तेव्हा निरशा दुधाने त्यांचा त्रास कमी झाला नाही, आणि होणारही कसा, कारण दुधातली साखर पचवणारे विकर (एन्झाइम) निरशा दुधातही नसते. प्रतिकारशक्तीचा मुद्दा मात्र मला अस्वस्थ करतो. लशीत विषाणू मारलेला किंवा दुबळा केलेला असतो आणि त्याची मात्रा मोजलेली असते. आजारी गाईच्या दुधातला विषाणू जिवंत असतो आणि त्याची मोजदाद कोणीच केलेली नसते. टेक्सासच्या मांजरांनाही तीच ‘लस’ मिळाली होती.

उष्णतेचे गणित सोपे आहे. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे ठेवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दुकानांतील पाश्चरीकृत दुधाचे व दुग्धजन्य पदार्थांचे २९७ नमुने तपासले. त्यांतील साधारण पाचात एका नमुन्यात विषाणूचे अवशेष आढळले, पण जिवंत विषाणू एकातही नव्हता. घरी उकळी येऊन दूध वर चढू लागते तेव्हा ते शंभर अंशांच्या आसपास असते.

प्रश्न : निरशा दुधाचे चीज चालेल का? आणि सत्यनारायणाच्या पंचामृताला तर निरसेच दूध लागते, त्याचे काय?

उत्तर : अमेरिकेत असे चीज किमान ६० दिवस मुरवावे लागते, परंतु कॉर्नेल विद्यापीठातील प्रयोगात कमी आंबट चीजमध्ये विषाणू त्यानंतरही जिवंत राहिला, पुरेशा आंबट चीजमध्येच तो टिकला नाही. वेष्टनावर आंबटपणा छापलेला नसतो, तेव्हा ज्यावर ‘पाश्चराइज्ड’ असे लिहिले आहे तेच घ्यावे. पंचामृतासाठी दूध तापवून पूर्ण गार करावे आणि मग त्यात दही, तूप, मध व साखर घालावी. निरसेच हवे असा गुरुजींचा आग्रह असेल, तर ते अभिषेकापुरते ठेवून तीर्थ म्हणून वाटायचे पंचामृत वेगळ्या वाटीत करावे, आणि निरशा दुधाला लागलेली पळी त्या वाटीत बुडवू नये.