आधी लॅपटॉप कपाटातून बाहेर काढा

प्रश्न : मुलानं दोनदा जेईई दिली, ८२ पर्सेंटाइलच्या पुढे गेला नाही. अभ्यास सोडून मुंबईच्या जुन्या नकाशांवर उंचीचा डेटा टाकून समुद्र पूर्वी कुठवर होता ते शोधत बसतो. म्हणतो, पाच मीटरखालची सगळी जमीन पाण्यात होती. संगणक दहा मिनिटांत करतो त्या कामात करिअर कसलं? लॅपटॉप कपाटात ठेवलाय. हल्ली जेवतानाही बोलत नाही. तिसऱ्यांदा बसवायचंय, कोणता क्लास लावू? – एक पालक, परळ

उत्तर : क्लासचं नाव मी सांगणार नाही. तुमचं पत्र पर्सेंटाइलनं सुरू होतं आणि ‘जेवतानाही बोलत नाही’ हे शेवटी, जाता जाता येतं. मला पत्र वाचल्यापासून तेवढंच वाक्य छळतंय. बरोबरीची मुलं कॉलेजात गेली, हा दोन वर्षं त्याच टेबलापाशी, त्याच पुस्तकांसमोर. त्यात जी एक गोष्ट तो कुणी न सांगता करत होता, तीही तुम्ही कुलपात टाकलीत. तुमची काळजी मला कळते, पण हे चुकलं. त्याचं गप्प राहणं वाढलं, झोप-जेवण बिघडलं, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा.

आता ‘दहा मिनिटांचं काम’. वरळी-महालक्ष्मीच्या मधल्या खिंडीतून भरतीचं पाणी भायखळ्यापर्यंत शिरायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून ते अडवलं. हे जमिनीच्या उंचीवरून ओळखायला तुमचा मुलगा बहुधा एसआरटीएमचा डेटा वापरत असेल. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारनं घेतलेली ही मोजणी फुकट मिळते. पण तिचा एकेक चौकोन ३० मीटरचा, आणि दाट वस्तीत रडारला जमिनीऐवजी छपरं लागतात. चूक काही मीटरची असू शकते. मुंबईची मोठी भरती-ओहोटीच चार-पाच मीटरची! शिवाय जुन्या नकाशातली किनाऱ्याची रेघ भरतीची की ओहोटीची? सपाट चिखलात या दोन रेघांत शेकडो मीटरचं अंतर पडतं. सागरी नकाशात खोली ओहोटीच्या पातळीपासून मोजतात, जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून. भराव घातलेली जमीन तर मूळची राहिलेलीच नसते. म्हणून ‘पाच मीटरखालचं सगळं समुद्र’ हे मुलाचंही चुकतंय, त्याला जरूर सांगा. संगणक फक्त थर एकावर एक ठेवतो. कोणती रेघ कशाची, किती विश्वासाची, हे माणसालाच ठरवावं लागतं. सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर नियम असलेल्या पट्ट्यात, भरतीरेषा कुठून जाते यावर बांधकामाची परवानगी ठरते, चेन्नईचं राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्र देशाच्या किनाऱ्याची झीज मोजतं. ही माणसं कुठून येतात असं तुम्हाला वाटतं?

वाटा नेहमीच्याच: भूगोल किंवा भूशास्त्रात बीएस्सी, पुढे जिओइन्फर्मेटिक्स (म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळण्याचं शास्त्र), सीईटीतून सिव्हिल मिळालं तर तेही चालेल, त्यात सर्व्हेइंग शिकवतात. उपग्रहातून जमीन पाहण्याचं शास्त्र शिकवणाऱ्या देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत. तिसऱ्या जेईईला माझा स्पष्ट नकार.

आज रात्री लॅपटॉप परत द्या. त्याच्या शेजारी बसा आणि ‘आपलं परळ या नकाशात कुठंय रे?’ एवढंच विचारा. तो बोलायला लागला की मध्येच परीक्षेचा विषय काढू नका.