सात वर्षांच्या दोन माद्या: आणखी एक सीझन की विश्रांती?

नमस्कार ताई,

तुम्ही टेक्सासमध्ये नोकरी सांभाळून लेपर्ड गेको या जातीच्या पाळीव पाली वाढवता. सहा माद्या आहेत आणि त्यातल्या दोघी सात वर्षांच्या. गेल्या वर्षी दोघींनी प्रत्येकी आठ अंडी घातली, पण पिल्लं निघाली तीन-तीनच, आणि एकीची अंडी अडकून डॉक्टरांकडे धावावं लागलं. या जानेवारीत दोघींना पुन्हा नराजवळ सोडायचं का, आणि साठवलेल्या 1500 डॉलरमधून नव्या दोन माद्या घ्यायच्या का, असं तुम्ही विचारता.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. तुमचेच आकडे घेऊन कारण सांगतो.

पिल्लू सरासरी 60 डॉलरला जातं, म्हणजे एका म्हाताऱ्या मादीचे 180. पिल्लू विकण्याजोगं होईपर्यंत 25 डॉलर खर्च, तीन पिल्लांचे 75. मादीला सीझनमध्ये लागणारं जास्तीचं खाणं नि कॅल्शियम धरा 40. उरले 65. अंडी अडकून शस्त्रक्रियेची वेळ आली, तर डॉक्टरांनी खर्च सांगितलाय 900. म्हणजे चौदा सीझनांत एकदा जरी तशी वेळ आली तरी सगळी कमाई त्यात जाते. तुमच्याकडे दोघींपैकी एकीला त्रास होऊनही गेलाय. आणि ही फक्त पैशांची बाजू झाली. अंड्यांना लागणारं कॅल्शियम मादीच्या अंगातूनच जातं. ते भरून निघालं नाही, तर तिची हाडं मऊ पडतात.

तुम्ही लिहिलंय की दोघींच्या शेपट्या बारीक झाल्यात. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. गेकोची चरबी शेपटीत साठते, तीच तिची शिल्लक. ती मोडून चाललेला धंदा मी कुणालाच करू देणार नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही, ते. पाळलेला लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. दोघींचं निदान आठ वर्षांचं आयुष्य बाकी आहे. तुमच्या वहीप्रमाणे एकीला वर्षाला 80 डॉलर लागतात, म्हणजे दोघींचे आठ वर्षांचे 1280. त्यांच्या कमावत्या वर्षांत यासाठी काही बाजूला टाकलं नव्हतं, म्हणून ते त्या 1500 मधूनच द्यावे लागतील. उरलेले 220 डॉक्टरसाठी ठेवा. यंदा नवी मादी घेऊ नका.

तरुण चौघींसाठी मात्र आत्तापासून तजवीज करा. गेल्या वर्षी प्रत्येकीची सात पिल्लं झाली. चार-साडेचार सीझन धरले तर एकीची तीसेक. तिच्या म्हातारपणाचे 640 डॉलर तीस पिल्लांवर वाटले, तर दर पिल्लामागे 21 पडतात. 60 मधून 25 आणि 21 गेले की उरतात 14, आणि त्यातूनच मादीचं खाणं निघायचंय. हा हिशोब वाचून वाईट वाटेल, पण तो आधीच मांडायला हवा होता. प्रत्येक विक्रीनंतर त्याच दिवशी 21 डॉलर वेगळ्या खात्यात टाका.

थांबायचं कधी, हेही सीझन सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेवा, पिल्लांची मागणी आली की मन डळमळतं. मी लिहीन ते असं: सहावं वर्ष संपलं, किंवा अंड्यांच्या लागोपाठ दोन जोड्या फुकट गेल्या, किंवा शेपटी बारीक झाली, यातलं एक झालं तरी मादी थांबली. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन घ्या.

यजमान म्हणतात तसं ‘हमखास अंडी देणारी’ म्हणून या दोघींना विकू नका, ते खोटं ठरेल. वय सांगून, पाळण्यासाठी म्हणून चांगल्या घरी दिल्या तर माझी हरकत नाही, आणि मग त्यांच्या नावचे पैसे मोकळे होतील.

करांबद्दल थोडक्यात: पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, साधारणपणे याला धंदा मानतं. छंद ठरवलं तर विक्रीवर कर लागतो आणि खर्च वजा होत नाही. निवृत्त माद्यांचा खर्च धंद्यात दाखवण्याआधी तुमच्या सीपीएला, म्हणजे हिशोब-कर बघणाऱ्या अकाउंटंटला, विचारा.

आणि दोघींच्या टाकीतला अंडी घालायचा ओलसर डबा काढू नका, कॅल्शियमही चालू ठेवा. नर जवळ नसला तरी मादी फोल अंडी घालू शकते, आणि गेल्या सीझनमध्ये साठवलेल्या वीर्यावर एखादं फळलेलंही निघू शकतं.