कळसूबाईहून तीन हजार फूट वर

प्रश्न : मावशी, आम्ही अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरजवळ ऑरोरात राहतो. सासू-सासरे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. सासऱ्यांचा उजवा गुडघा दुखतो, सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगा नऊ वर्षांचा, डायनोसॉरवेडा. मुलगी पाच वर्षांची. जुलैतल्या एका शनिवारी सगळ्यांनी मिळून फ्लोरिसंटच्या जीवाश्म उद्यानात जायचं मनात आहे. एका दिवसात जमेल का? किती चालावं लागेल? – स. कु., ऑरोरा

उत्तर : जमेल, आणि जरूर जा. पण मुलाला आजच सांगून टाका की तिथे डायनोसॉर नाहीत. हे गाडीतून उतरल्यावर कळलं की मुलं हिरमुसतात आणि मग पुढचं काहीच त्यांच्या डोळ्यांत भरत नाही. फ्लोरिसंटचे जीवाश्म सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, डायनोसॉर त्याच्याही तीन कोटी वर्षं आधी संपले होते. त्याला म्हणावं, आपण उभ्याच्या उभ्या दगड झालेली झाडं बघायला चाललोय. माझ्या नातीला एवढं वाक्य पुरलं होतं.

आता उंचीचं. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे तुमचे सासू-सासरे आत्ताच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर मुक्कामाला आहेत. उद्यान साधारण ८,४०० फुटांवर, कळसूबाईहून तीन हजार फूट वर. म्हणून येऊन आठवडा-दोन आठवडे होऊ द्या आणि सासूबाईंच्या डॉक्टरांना आधी विचारा. त्या दिवशी गोळी वेळेवर घ्यायची आणि तहान लागायची वाट न बघता घोट-घोट पाणी प्यायचं. कोलोरॅडो स्प्रिंग्जवरून हायवे २४ धरलात की वाटेत वुडलंड पार्क लागेल. तिथे अर्धा तास पाय मोकळे करा. घरून चिवड्याचं बंद पाकीट आणलं असेल तर ते तिथे टम्म फुगलेलं दिसेल. हवेचा दाब म्हणजे काय, हे मुलाला तेव्हाच दाखवा.

घरून सातच्या आत निघा. दोन तासांचा रस्ता आहे, अधिक वुडलंड पार्कचा थांबा. जुलैत दुपारी तिकडे विजांचा पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी नातीला घेऊन दीड वाजता लांबच्या वाटेवर निघाले. अर्ध्यात आभाळ भरून आलं, वाटाण्याएवढ्या गारा पडायला लागल्या आणि उघड्या कुरणात आडोसा म्हणून काही नव्हता. तिला पोटाशी धरून कशी परत आले ते माझं मला माहीत. तेव्हापासून बाराच्या आत वाटेवरून परतायचं, हे मी ठरवूनच टाकलंय.

तुमच्या घराला दोनच वाटा पुरे. पहिली पाँडेरोसाची, अर्ध्या मैलाची, चाकाची खुर्चीही जाते अशी. सासऱ्यांनी आणि धाकटीने हीच करावी. वाटेत मोठा पाँडेरोसा पाइन दिसला की सासूबाईंना सालीच्या भेगेत नाक खुपसायला सांगा. ऊन लागलेल्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो. मी कॉलेजात पंचवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण हा वास पहिल्यांदा आला तेव्हा त्या झाडापासून हलवेना.

दुसरी वाट एक मैलाची, दगडी खोडांची. ही मुलाला घेऊन तुम्ही करा. गुडघा ठीक असेल तर सासरेही हळूहळू येतील. इथलं मोठं खोड म्हणजे बुंध्याशी ३८ फूट घेर असलेला रेडवुड. आज त्याचे भाईबंद कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आहेत. जवळच्या ज्वालामुखीचा चिखल वाहत आला आणि त्याने ही झाडं बुंध्यापासून पंधराएक फूट गाडून टाकली. वरचा भाग कुजून गेला, खालच्या लाकडात पाण्याबरोबर सिलिका, म्हणजे वाळूतलं खनिज, झिरपत राहिली आणि त्याचा दगड झाला. खोडाजवळ गेलात की नीट बघा: दगडात गंजलेल्या करवतीची तुटकी पाती अडकलेली आहेत. १८९०च्या दशकात हे खोड कापून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात न्यायचा घाट घातला होता, तो फसला. मुलाला ती पाती स्वतः शोधू द्या. खोडांवर मात्र चढू देऊ नका. काहींना लोखंडी पट्टे आवळून जपलंय.

सासरे साताऱ्याचे आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलायला एक विषय देते. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो लाव्ह्याचा, आणि या झाडांच्या जवळजवळ दुप्पट जुना. लाव्हा वाटेतलं जाळत जातो. इथे चिखल आणि राख आली, म्हणून खोडं टिकली. पुढे तशाच चिखलाने ओढा अडला, तळं झालं, आणि त्या तळ्याच्या गाळात पानं, माश्या, कोळी दबून राहिले. माहिती केंद्रात त्से-त्से माशीचा जीवाश्म विचारा. ही माशी आज फक्त आफ्रिकेत आढळते.

उद्यानात खायला काही मिळत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं सरबत घरून न्या, बसायला टेबलं आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ज्युनियर रेंजरची पुस्तिका आल्या-आल्याच मागून घ्या, ती भरली की मुलांना बिल्ला मिळतो. केंद्राचे दिवस आणि वेळा बदलतात, तेवढं आदल्या दिवशी पाहून ठेवा.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही फ्लोरिसंटला गेलो होतो. घरी आल्यावर मुलीच्या खिशात दगडी लाकडाचा बोटाएवढा तुकडा सापडला. ती सात वर्षांची आहे. रागवायचं मन झालं नाही. आता काय करू? – पु. दे., कोलोरॅडो स्प्रिंग्ज

उत्तर : रागावला नाहीत ते बरं केलंत. तुम्ही जवळच राहता, तर तिला घेऊन पुन्हा जा आणि तिच्याच हाताने तो तुकडा रेंजरला देऊ द्या. साधारण कुठे उचलला तेही तिने सांगावं.

मी याबाबत हट्टी आहे, कारण हे उद्यान थोडक्यात वाचलंय. पूर्वी या जमिनी खासगी होत्या आणि येणारा जाणारा जमेल तेवढं उचलून नेत असे. वॉल्ट डिस्नेने तर १९५६ मध्ये इथलं एक अख्खं खोड विकत घेतलं, ते आजही डिस्नेलँडमध्ये उभं आहे. १९६९ मध्ये इथे घरं बांधायची म्हणून बुलडोझर यायच्या बेतात होते. एस्टेला लिओपोल्ड आणि बीट्रिस विलार्ड या दोन शास्त्रज्ञ बायका आणि त्यांचे सोबती कोर्टात गेले, काम थांबवून घेतलं, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला हे उद्यान राष्ट्रीय स्मारक करणाऱ्या कायद्यावर सही झाली. तुमच्या मुलीला ही गोष्ट सांगा. बुलडोझर म्हटलं की मुलं कान टवकारतात.

आणि तिला दगड हवाच असेल तर त्याचीही सोय आहे. फ्लोरिसंट गावाजवळ एक खासगी खाण आहे. उन्हाळ्यात तासाचे पैसे भरून तिथे शेलचे, म्हणजे जुन्या तळ्याच्या गाळाच्या दगडाचे, तुकडे फोडता येतात. जाण्याआधी फोन करा. शेल चिरोट्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा असतो. तुकडा ओलसर असतानाच कडेने पातळ पातं सरकवायचं आणि हलकेच उचकटायचं. वाळला की चुरा होतो. माझ्या नातीने चाळीसेक तुकडे उघडले, सगळे कोरे. मग एकात लांबट पान निघालं, कोऱ्या चहाच्या रंगाचं, कडेचे दाते एक-एक मोजता येतील असं. फॅगॉप्सिस म्हणून ओक-बीचच्या कुळातलं झाड होतं, आता जगात कुठेच नाही. इथे ते सगळ्यात जास्त सापडतं, म्हणजे दुर्मीळ नव्हे. पण तिने ते तळहातावर ठेवलं आणि घरी पोहोचेपर्यंत मूठ मिटली नाही.