फ्रेमच्या आधी माउंट ठरवा

पालखी पुण्यात मुक्कामाला असताना नाना पेठ आणि भवानी पेठेत टिपलेली तीस कृष्णधवल छायाचित्रे बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात मांडायची आहेत, तर सर्वांना एकाच आकाराची, जाड काळी, काचेची फ्रेम करावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते फ्रेम सर्वांना एकसारखीच असावी, पण ती बारीक, अर्ध्या-पाऊण इंचाची. आकार मात्र छायाचित्रागणिक ठरवावा. निवडुंग्या विठोबाच्या दारातली दर्शनाची रांग २४ बाय ३६ इंचांत छापली, तरच तिच्यातला चेहरा न् चेहरा वाचता येईल. डोक्यावर तुळस घेतलेल्या एकट्या आजींना १२ बाय १८ पुरे. तेवढ्या लहान चित्रासमोर माणूस आपोआप जवळ येऊन थांबतो.

खरा विचार माउंटचा, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती येणाऱ्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचा करावा. पांढऱ्यातही छटा असतात, आणि किंचित पिवळसर कागदाशेजारी शुभ्र माउंट आला की छायाचित्र मळकट दिसू लागते. म्हणून माउंटच्या बोर्डाचे दोन-तीन तुकडे प्रिंटशेजारी ठेवून दिवसाउजेडी पाहावेत. बोर्ड आम्लविरहितच घ्यावा. समास तीन इंच असेल, तर खालचा साडेतीन ठेवावा, नाहीतर चित्र खाली घसरल्यासारखे वाटते.

प्रिंट चारही कडांनी चिकटवू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझी काही छायाचित्रे एका कारागिराने गोंदाने पूर्ण चिकटवून, माउंट न घालता थेट काचेखाली दाबली होती. पुण्याच्या एकाच पावसाळ्यात कागद लाटांसारखा फुगला आणि दोन प्रिंट काचेला असे चिकटले, की सोडवताना वारकऱ्याच्या कपाळावरचा बुक्का काचेवरच राहिला. दमट हवेत कागद प्रसरण पावतो, त्याला हलायला जागा लागते. म्हणून तो फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, पातळ पण चिवट अशा जपानी कागदाच्या पट्टीने टांगावा.

आपल्या चित्रांत काळोख पुष्कळ आहे, आणि काळ्या भागावरच्या साध्या काचेत पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. प्रदर्शन चार दिवसांचेच असेल, तर मोठी चित्रे मॅट कागदावर, काचेविना लावावीत.

आकार वेगवेगळे असल्याने वरच्या कडा जुळवू नयेत. प्रत्येकाचा मध्य जमिनीपासून सुमारे ४ फूट १० इंचांवर यावा. तीस चित्रे मला जास्त वाटतात. भिंतींची मापे घेऊन, फ्रेमच्या आकाराचे वर्तमानपत्राचे तुकडे कापून घरी जमिनीवर मांडून पाहा आणि जी चित्रे शेजारच्याचेच पुन्हा सांगतात, ती फ्रेमवाल्याकडे नेण्याआधीच बाजूला काढा.