रजा नंतर, आधी तिथी बघ

नागपूर

चिरंजीवास,

समुद्रपक्षी बघायला कोकणात निघालास, उत्तम. पण रजेचा अर्ज टाकायच्या आधी कालनिर्णय उघड. तिथले पक्षी कधी जवळ येतील ते भरती ठरवते. हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. द्वादशीला भरती नऊला, त्रयोदशीला पावणेदहाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीचा तक्ताही ताडून बघ.

द्वादशी-त्रयोदशीला मालवणजवळ देवबागला, कर्ली खाडीच्या मुखाशी सातलाच हजर राहा. पाणी चढू लागलं की विखुरलेले कुरव (गल) आणि सुरय (टर्न) उरलेल्या वाळूवर दाटीवाटीने बसतात, आणि सूर्य तुझ्या पाठीशी असतो. संध्याकाळी त्याच जागी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. पर्यटकांच्या बोटी सुरू झाल्या की थवे उठतात, मग थांबून उपयोग नाही.

फाल्गुन शुद्ध द्वादशी गणितात बसते, पण नको. शिमग्याला चाकरमानी गावी निघतात, गाडीत पाय ठेवायला जागा नसते. माघ वद्य द्वादशी बरी. काही कुरवांची डोकी तोवर काळी व्हायला लागतात. मात्र लगेच महाशिवरात्र आणि कुणकेश्वरची जत्रा येते, तेव्हा खोली आधीच ठरव. मार्च सरता सरता बहुतेक कुरव उत्तरेकडे निघून जातात.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. दुरांतो मुंबईत पोहोचेपर्यंत कोकणची सकाळची गाडी, मांडवी, गेलेली असते, म्हणून पुढे रात्रीची कोकणकन्या, कुडाळपर्यंत. एक अख्खा दिवस मुंबईत जातो, तो धरूनच रजा मोज.

दुर्बीण 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी ने. वाऱ्यात दहापटीची फार हलते. काचेवर खारं पाणी उडालं तर कोरडं पुसू नकोस, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलं कर. कुरव उडताना पंखांची टोकं बघ: काळ्या टोकात पांढरे ठिपके असले तर तपकिरी डोक्याचा, पंखाची पुढची कड पांढरी असली तर काळ्या डोक्याचा.

कड्यांवरच्या पक्ष्यांसाठी वेंगुर्ल्याच्या समुद्रातले खडक आहेत. बोट सकाळचीच घे, दुपारी वायव्येचा वारा सुटून समुद्र खवळतो. लाइफ जॅकेट नसेल त्या बोटीत बसूच नकोस. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी भिंतीला चिकटवतात. सूपसाठी ती चोरली जायची. अंधारात त्या टिकटिक आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. विजेरी मारली की दचकून उठतात आणि अंडी खाली पडतात. बोटीतूनच बघ, आत जाऊ नकोस. नावाडी आग्रह करेल, तरीही.